पोटरीचे माप

माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लांबट, सरकारी स्टोअरमधून मिळते तशी. गेल्या वीसेक वर्षांतली लहान मुलांच्या पायांची मापे तिच्यात लिहिलेली आहेत. तळव्याची लांबी, घोट्याचा घेर, पोटरीचा घेर, जमिनीपासून गुडघ्याखालच्या हाडापर्यंतची उंची. मी सरकारी नोकर. पदविका घेतली ती पायाला लागणारी आधार-साधने बनवण्याची, म्हणजे स्प्लिंट, कॅलिपर, खास बूट. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी दर वेळी 'मी डॉक्टर नव्हे' असे सांगतो आणि पुढच्या खेपेला ते पुन्हा डॉक्टरच म्हणतात.

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे मंडळाच्या कार्यवाहांनी सांगितले, तेव्हा देवळे, देसाई घराणी, पोर्तुगीज काळातली आपली मराठी शाळा यांवर माझ्याहून अधिक जाणणारे लिहितीलच, असे वाटले. मग ही वही आठवली. आणि डिचोलीतल्या एका आजीचा प्रश्न आठवला. नातवाला कडेवर घेऊन आली होती. मी त्याच्या पोटरीला फीत गुंडाळत असताना म्हणाली, "पुता, हो इतलो जेवता, मागीर पांय कित्याक असो बारीक?"

नातू सेरेब्रल पाल्सीचा होता. मेंदूला जन्माच्या आगेमागे इजा झाली की हातापायांच्या हालचालींवरचा ताबा बिघडतो, स्नायू ताठरतात, मूल चवड्यावर चालते किंवा चालतच नाही. साधारणपणे दर हजार जन्मांमागे दोन ते तीन मुलांना हा त्रास होतो. बिघाड मेंदूत, मग बारीक पोटरी का? आजीने साध्या शब्दांत विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचा इतिहास सांगण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात आपल्या पेडण्या-डिचोलीचा भाग छोटा आहे, पण आहे.

आपापल्या बोटांचे माप

पोटरी मोजण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी. चरकसंहितेच्या विमानस्थानात शरीराच्या एकेका भागाचे प्रमाण दिले आहे. त्यात जंघा, म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग, अठरा अंगुळे लांब आणि सोळा अंगुळे घेराचा असावा, असे सांगितले आहे. यातली खुबी अशी की ही अंगुळे ज्याची त्याची. मोजायचे ते त्या माणसाच्या स्वतःच्या बोटाच्या रुंदीने. उंच धिप्पाड माणसाला आणि किरकोळ माणसाला एकच नियम लागू पडतो, कारण मोजपट्टी त्याच्याच हाताला आहे.

मी धंद्यात आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हते, पण आम्हीही तेच करतो. एका बाजूचा पाय अधू असेल, तर त्याची तुलना त्याच मुलाच्या दुसऱ्या पायाशी. 'सात वर्षांच्या मुलाची पोटरी इतकी असते' असे कोष्टक समोर ठेवून पेडण्याच्या मुलाला मोजण्यापेक्षा त्याचा चांगला पाय हे खरे कोष्टक. अडचण येते ती दोन्ही पाय अधू असलेल्या मुलाची. तिथे चांगला पाय कुठून आणायचा? मग त्याच मुलाचे मागल्या वर्षीचे माप हाच आधार उरतो. म्हणून वही लागते.

नदीपलीकडची माणसे

डिचोली आणि पेडणे हे नव्या काबिजादींतले महाल. १७८० च्या दशकात, आधी डिचोली आणि मग पेडणे, ते सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. पणजीत 'एस्कोला मेडिका' १८४२ साली सुरू झाली, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या तीन वर्षे आधी. याचा गोव्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण पेडण्याच्या माणसाला पणजी गाठायची तर आधी शापोरा नदी आणि मग बेतीला मांडवी ओलांडावी लागे. आजारी मोठ्या माणसाला नेणे जड. मग 'उशिरा चालायला लागेल' अशा पोराला कोण नेतो? बाळंतपणे घरी, सुइणीच्या हाती. बाळ रडले नाही, निळे पडले, अपुऱ्या दिवसांचे झाले, तर पुढे काय झाले याची नोंद कोणत्याच वहीत नाही. अशी पुष्कळ मुले जगत नसत. जी जगली ती ओसरीवर, माजघरात वाढली. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात असा एखादा काका किंवा आत्या होऊन गेली असेल, जिचे नाव वंशावळीत आहे पण फोटो नाही.

मुक्तीनंतर रस्ते झाले, आरोग्य केंद्रे झाली, १९६३ मध्ये एस्कोलाचे गोवा मेडिकल कॉलेज झाले. तरीही १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा उत्तर गोव्याची माणसे पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. पावसात, फेरीच्या लोखंडी पत्र्यावर, मुलाला खांद्यावर घेतलेला एक बाप मला अजून आठवतो. मुलाचे दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले होते. 'पोलिओ' असे कोणीतरी हळूच म्हणाले. आज मला वाटते, तो पोलिओ नसावा.

लंडनमधला लंगडा डॉक्टर

कात्रीसारख्या त्या पायांचे पहिले नीट वर्णन करणारा डॉक्टर स्वतः लंगडा होता. विल्यम जॉन लिटल, जन्म १८१० चा, लंडनचा. बालपणीच्या आजारात त्याचा डावा पाय वाकडा झाला. पुढे तो वैद्यकी शिकला आणि पायावर उपाय शोधत जर्मनीत हॅनोव्हरला श्ट्रोमायर नावाच्या शल्यवैद्याकडे पोहोचला. श्ट्रोमायरची युक्ती अशी : टाचेच्या मागची जाड दोरी, म्हणजे पोटरीचे स्नायू जिने टाचेला बांधलेले असतात ती कंडरा, त्वचेला अगदी बारीक भोक पाडून आतल्या आत कापायची. भूल देण्याची सोय नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. मोठी जखम केली की ती चिघळायची. बारीक भोकामुळे ते टळले. १८३६ मध्ये लिटलच्या पायावर ही शस्त्रक्रिया झाली आणि पाय जमिनीवर टेकला. तो लंडनला परतला आणि तीच शस्त्रक्रिया इतरांवर करू लागला.

१८४३ मध्ये शरीराच्या वाकडेपणावरची त्याची व्याख्याने छापून आली. त्यांत त्याने मुलांच्या ताठर पायांविषयी लिहिले. १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्राच्या सभेपुढे त्याने निबंध वाचला आणि या ताठरपणाचा संबंध अवघड बाळंतपणाशी, अपुऱ्या दिवसांशी आणि जन्मताना श्वास कोंडण्याशी जोडला. पुढे कित्येक वर्षे या व्याधीला 'लिटलचा रोग' असेच म्हणत. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लरने फिलाडेल्फियात तपासलेल्या १५१ रुग्णांवर पुस्तक लिहिले आणि 'सेरेब्रल पाल्सी' हे नाव रूढ झाले. मनोविश्लेषणामुळे पुढे गाजलेल्या सिग्मंड फ्रॉइडनेही १८९७ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. अवघड बाळंतपण हे कारण असेलच असे नाही, बाळाच्या मेंदूत आधीच असलेल्या दोषाचे ते लक्षणही असू शकेल, असे त्याचे म्हणणे होते. आज पाहता दोघांकडेही सत्याचा वाटा होता.

पण लिटलने एक वारसा मागे ठेवला, तो दुधारी ठरला. टाच उचललेली दिसली की कंडरा कापा आणि लांबवा, हा तो वारसा. लिटलचा स्वतःचा पाय त्याने सुधारला होता. पण त्याच्या पायाचे दुखणे वेगळे होते आणि मेंदूच्या इजेने ताठरलेल्या पायाचे वेगळे. हा फरक मोजल्याशिवाय कळणारा नव्हता.

मोठी पोटरी, दुबळी पोटरी

त्याच सुमारास, १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये ड्यूशेन नावाचा डॉक्टर आणखी एका कोड्यात पडला होता. त्याच्याकडे येणाऱ्या काही मुलग्यांच्या पोटऱ्या पैलवानासारख्या टणक आणि फुगलेल्या, पण मुलांना जिना चढवत नव्हता. त्या पोटऱ्यांत स्नायूंच्या जागी चरबी आणि तंतू भरत चालले होते. हा रोग वेगळाच, तो आज ड्यूशेनच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या विषयाला त्यातून धडा मिळाला तो असा की पोटरीचा आकार पाहून तिची ताकद सांगता येत नाही. सेरेब्रल पाल्सीत याच्या उलट फसगत झाली. तिथे पोटरी हाताला ताठ लागते. ताठ म्हणजे जोरकस, असे सगळ्यांनी गृहीत धरले.

हे गृहीत इतके पक्के होते की व्यायामशास्त्रातही शिरले. लंडनमधल्या बोबाथ दांपत्याने १९४० च्या दशकापासून या मुलांसाठी उपचाराची पद्धत घडवली. तिचे उपकार मोठे आहेत, कारण त्याआधी या मुलांकडे कोणी फारसे पाहतच नव्हते. पण त्या परंपरेत एक भीती होती : जोर लावून व्यायाम दिला तर ताठरपणा वाढेल. म्हणून स्नायू बळकट करण्याचे व्यायाम कित्येक दशके टाळले गेले. १९९० च्या दशकात अमेरिकेत डायान डामियानो आणि इतरांनी मोजून दाखवले की व्यायामाने ताकद वाढते आणि ताठरपणा वाढत नाही.

पोलिओची सावली

आपल्याकडे या सगळ्यावर पोलिओची सावली होती. पोलिओत पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी मरतात, पाय लुळा पडतो आणि बारीक होतो. सेरेब्रल पाल्सीत कणा ठीक, मेंदूचा हुकूम बिघडलेला, पाय ताठ. पण लांबून पाहणाऱ्याला दोन्ही पाय बारीकच दिसतात. म्हणून गावात प्रत्येक बारीक पाय हा पोलिओच.

मुंबईत हाजीअलीला १९५५ मध्ये भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. कोकणातून आणि गोव्यातून माणसे तिथे जात. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा अंकांत लिहायची ब्रिटिश पद्धत पोलिओच्या तक्त्यांत सर्रास वापरली जाई. लुळ्या पायाला ती चपखल बसते. ताठर पायाला बसत नाही, कारण तिथे स्नायू नको तेव्हा ओढतो आणि हवा तेव्हा ओढत नाही. तक्ता पोलिओचा आणि मूल सेरेब्रल पाल्सीचे, असे बरेच चालले. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली, स्वतःच्या लेकीच्या निमित्ताने. या मुलांना शाळा हवी, नुसते इस्पितळ नव्हे, हा विचार तिथून देशभर गेला.

१९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी झाली. पुढे बूथवर थेंब पाजणाऱ्यांत आपल्यातले कितीतरी शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि सरकारी कर्मचारी होते. १३ जानेवारी २०११ नंतर देशात रानटी विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पोलिओ गेला, पण बारीक पाय येतच राहिले. तेव्हा कुठे विचार सुरू झाला की मग हे कोण?

फितीचे गुण आणि दोष

आता थोडे माझ्या कामाविषयी. पोटरीचा घेर मोजणे दिसायला शिंप्याचे काम. मुलाला बसवायचे, गुडघा काटकोनात, पाय सैल. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकापासून ठरावीक अंतरावर पेनाने खूण करायची, म्हणजे पुढच्या खेपेला त्याच जागी मोजता येते. फीत त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी धरायची. तीन वेळा मोजायचे. मूल रडत असेल तर थांबायचे, कारण रडताना पाय ताठतो आणि माप बदलते. दर वेळी त्याच माणसाने मोजलेले बरे.

माझी पहिली फीत शिवणकामाची, कापडाची होती. दोन-तीन वर्षे वापरल्यावर एकदा सहज पोलादी पट्टीशेजारी ठेवली, तर फीतच ताणून जवळजवळ अर्धा सेंटिमीटर लांब झालेली. फीत लांबली की माप कमी भरते. म्हणजे मधल्या काळातली काही 'घट' पोटरीची नसून फितीची होती. तेव्हापासून काचतंतूची फीत वापरतो आणि दर चवथीनंतर ती पट्टीशी ताडून पाहतो. त्या वर्षांच्या पानांवर मी लाल शाईने खूण केली आहे.

दुसरा दोष फितीचा नव्हे, घेराचाच. घेरात त्वचा येते, चरबी येते, हाड येते, स्नायू येतो. मुलाने वजन धरले तर घेर वाढतो आणि आईला आनंद होतो, पण वाढली असते ती चरबी. यावर जुना उपाय असा की त्वचेची घडी चिमट्याने धरून तिची जाडी मोजायची, तिला ३.१४ ने गुणायचे आणि घेरातून वजा करायचे. उरते ते स्नायू आणि हाड. मी काही वर्षे हे केले. चिमट्याला मुले घाबरतात, म्हणून सोडले.

फितीने एवढे कळते की काहीतरी कमी पडते आहे. काय कमी पडते, ते कळायला आत पाहावे लागते.

आत पाहिल्यावर

गर्भातले बाळ पाहायचे सोनोग्राफीचे यंत्र स्नायूही दाखवते. १९६८ मध्ये जपानमध्ये इकाई आणि फुकुनागा यांनी दंडाच्या स्नायूचा छेद ध्वनिलहरींनी मोजून त्याची ताकदीशी सांगड घातली होती. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या पोटरीकडे हे यंत्र वळले ते या शतकाच्या सुरुवातीला. लंडनच्या गाय्ज इस्पितळातल्या शॉर्टलँड, गॉफ आणि फ्राय यांनी २००२ आणि त्यानंतरच्या वर्षांत पोटरीच्या आतल्या बाजूच्या स्नायूची मापे घेतली, आधी सपाट चित्रांवरून आणि मग तिन्ही बाजूंनी, घनफळासकट. ऑस्ट्रेलियातल्या बार्बर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांची मापे दिली : त्या स्नायूचे घनफळ निरोगी मुलांपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी. डेन्मार्कमधून २०१६ मध्ये कळले की ही घट पंधराव्या महिन्यातच दिसू लागते. बहुतेक मुले त्या वयात चालायलाही लागलेली नसतात.

म्हणजे आजीचा नातू कमी जेवत होता म्हणून त्याची पोटरी बारीक नव्हती. हाड वाढत असताना स्नायू त्याच्या वेगाने वाढत नव्हता. स्नायू वाढतो तो मेंदूचा हुकूम, ताण आणि वापर यांवर. हुकूम अर्धवट, वापर कमी, म्हणून वाढ कमी. स्नायूचा फुगीर भाग आखूड राहतो आणि ती उणीव भरायला कंडरा लांबते. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, दहा ते चौदाच्या दरम्यान, टाच अधिकच उचलली जाते, कारण हाड पुढे पळते आणि स्नायू मागे राहतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : ताठर पोटरी ही जोरकस पोटरी नव्हती. ती लहान आणि दुबळी होती. दुबळ्या स्नायूची कंडरा गरजेपेक्षा जास्त लांबवली तर तो टाच आणि नडगी धरून ठेवू शकत नाही. नडगी पुढे झुकते, गुडघे वाकतात आणि मूल चवड्यावरून उतरून खुरमांडीच्या चालीवर येते. ही चाल आधीच्या चालीपेक्षा थकवणारी आणि परतवायला अवघड. २००० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या शल्यवैद्यांनी जुन्या रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा दोन्ही पाय अधू असलेल्या मुलांत हा प्रकार वारंवार आढळला. त्यानंतर जाणते शल्यवैद्य नुसती टाच पाहून निर्णय घेत नाहीत. कंबर, गुडघा, घोटा एकत्र पाहतात. १९९३ पासून या मुलांत वापरल्या जाणाऱ्या बोटुलिनमच्या इंजेक्शनांबद्दलही हाच प्रश्न आता विचारला जातो : ताठरपणा कमी होतो हे खरे, पण आधीच लहान असलेल्या स्नायूला ती किती वेळा द्यावीत?

वहीतली एक मुलगी

हे सगळे मी वाचले ते उशिरा. त्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलीच्या घरच्यांना विचारूनच लिहितो. गावाचे नाव देत नाही.

पेडणे तालुक्यातली मुलगी. चार वर्षांची असताना प्रथम आली, दोन्ही पायांनी चवड्यावर चालणारी, हसरी. दर वर्षी तिचे स्प्लिंट लहान होत, दर वर्षी मी नवे माप घेई. आठव्या वर्षी, परराज्यातल्या एका इस्पितळात, तिच्या दोन्ही कंडरा लांबवल्या. जाण्याआधी तिच्या वडिलांनी मला विचारले होते, "काय वाटते?" मी म्हणालो, "टाच टेकली की झाले." पहिले वर्ष आनंदाचे गेले. चवथीला ती माटोळीखाली सपाट पावलांवर उभी होती. मला मुद्दाम बोलावून दाखवले. अकराव्या-बाराव्या वर्षी तिचे गुडघे वाकू लागले. तेराव्या वर्षी शाळेचा जिना सुटला.

मग एका दुपारी मी तिची सगळी पाने एकापुढे एक ठेवून पाहिली. पाच ते आठ या तीन वर्षांत तिची उंची भराभर वाढली होती आणि पोटरीचा घेर जवळजवळ होता तिथेच होता. ही पाने लाल खुणेच्या आधीची नव्हती. चांगल्या फितीची होती. माझ्याच अक्षरात, एकाखाली एक, तो आकडा लिहिलेला होता. मी तो स्प्लिंटचे प्लॅस्टिक कापण्यासाठी घेतला होता आणि त्याच कामापुरता पाहिला होता. कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

केवळ फितीच्या मापावरून शस्त्रक्रिया करावी की करू नये हे ठरत नाही, हे मला माहीत आहे. ज्या डॉक्टरांनी ती केली त्यांनी त्या काळच्या रीतीप्रमाणेच केली. पण तिच्या वडिलांच्या हाती ते तीन वर्षांचे आकडे असते, तर त्यांनी ते टेबलावर ठेवून एक प्रश्न तरी विचारला असता. तो प्रश्न माझ्या खणात बंद राहिला.

मी त्यांच्या घरी जाऊन हे सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आता काय करता येईल ते सांगा." गुडघ्याखाली समोरून आधार देणारे स्प्लिंट बनवले, तज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी झाली, पोटरी आणि मांडी बळकट करणारे व्यायाम सुरू झाले. ती आज महाविद्यालयात जाते, एका हातात काठी घेऊन. जिना पुन्हा चढते, कठडा धरून. पोटरीचे माप अजून दर सहा महिन्यांनी घेतो, आणि आता ते तीच लिहून घेते, स्वतःच्या मोबाइलमध्ये.

कायद्याचे माप आणि आपले माप

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या मुलांना हक्क दिले. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार आहेत आणि सेरेब्रल पाल्सीचे नाव त्यांत स्वतंत्रपणे आहे. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक साहाय्य आहे, राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, पर्वरीला संजय स्कूल आहे, डिचोलीत सर्वणला केशव सेवा साधनेची शाळा आहे. २०२३ च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट झाला. त्याच महिन्यात मोपाला विमानेही उतरू लागली. पेडणे आता दूर राहिलेले नाही.

पण दाखल्यावर एक टक्केवारी असते आणि ती एकदा मिळाली की घरचे पुष्कळदा थांबतात. टक्केवारी सवलतीसाठी आहे. ती मूल वाढते आहे की नाही, हे सांगत नाही. सोनोग्राफीचे यंत्र आमच्यासारख्यांना गावात नेता येत नाही. गर्भलिंग निदानाच्या कायद्याची बंधने आहेत आणि ती योग्य कारणासाठी आहेत. म्हणून अजून बरीच वर्षे फीतच चालेल. ती स्वस्त आहे आणि नीट धरली तर खरे बोलते.

तेव्हा वाचकांना एक विनंती. आपल्या घरात, वाड्यावर, कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी असे मूल असेल, तर त्याची एक वही करा. उंची, वजन, दोन्ही पोटऱ्यांचे घेर, सहा महिन्यांनी एकदा, त्याच खुणेवर, त्याच हाताने. दीड वर्षाचे मूल उभे राहत नसेल, एकच पाय ओढत असेल, चवड्यावरच चालत असेल, तर 'आजोबाही उशिरा चालले होते' म्हणून थांबू नका. आणि कोणी शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन सुचवले, तर घाबरू नका, नाहीही म्हणू नका. ती वही सोबत न्या आणि दाखवा.

यंदापासून मी प्रत्येक मुलाच्या मापांची एक प्रत त्याच्या आईच्या हाती देतो. माझ्या खणातल्या वहीत शेवटी एक नवा रकाना आखला आहे : 'घरच्यांना सांगितले का?' त्यात 'होय' लिहिल्याशिवाय मी प्लॅस्टिक कापायला घेत नाही.

आजीचा तो नातू आता मोठा झाला आहे. गेल्या चवथीला त्यांच्या घरी गेलो होतो. आरतीला घुमट वाजवायला बसला होता, भिंतीला पाठ टेकून, स्प्लिंट काढून बाजूला ठेवलेले. आजी आता नाही. तिला उत्तर द्यायचे राहिले होते, ते इथे लिहिले.